इफ्तारच्या तक्त्यातली न दिसणारी रेघ

रमजान लागण्याआधी आठ-दहा दिवस मशिदीच्या दारात, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर, मेडिकलच्या काउंटरवर छोटी छोटी कार्डे दिसू लागतात. एका बाजूला दुकानाची जाहिरात, दुसऱ्या बाजूला तीस रोजांचा तक्ता. तारीख, वार, सहेरीची शेवटची वेळ, इफ्तारची वेळ. घरोघरी हे कार्ड फ्रीजला चिकटते किंवा आरशाच्या कोपऱ्यात खोचले जाते आणि महिनाभर घरातल्या सगळ्यांचे डोळे त्यावर असतात. कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: अमुक गावासाठी चार मिनिटे वजा, तमुक गावासाठी दोन मिनिटे अधिक. ती ओळ फारसे कोणी वाचत नाही. आजचा लेख त्या ओळीविषयी आहे.

ती ओळ वाचली नाही तर काय होते? समजा, मुंबईत छापलेले कार्ड कोणी नागपूरच्या नातेवाइकांना पाठवले. मार्चच्या मध्यात मुंबईत सूर्य सुमारे ६ वाजून ४८ मिनिटांनी मावळतो, नागपुरात ६ वाजून २३ मिनिटांनी. मुंबईच्या कार्डावर विसंबलेला नागपूरकर पंचवीस मिनिटे उगाच उपाशी बसेल. त्याने फार बिघडत नाही, फक्त खजूर समोर ठेवून वाट पाहावी लागेल. पण सहेरीचे काय? तीच पंचवीस मिनिटे पहाटे उलटी फिरतात. नागपुरात सुबह सादिक होऊन गेलेली असेल आणि हा मात्र कार्ड पाहून निवांत चहा पीत बसलेला असेल. उलट, नागपूरचे कार्ड घेऊन मुंबईत रोजा सोडणारा माणूस सूर्य चांगला वर असताना पाणी पिऊन मोकळा होईल. दिवसभराची तहान-भूक सोसून शेवटच्या पंचवीस मिनिटांत गफलत. आणि हल्ली कार्ड टपालाने जात नाही, व्हॉट्सअॅपवरून एका क्षणात शंभर घरांत जाते. त्यावर गावाचे नाव असेलच, याची खात्री नसते.

मुंबई आणि नागपूर यांच्यातला हा फरक येतो कुठून? घड्याळ तर दोन्हीकडे एकच आहे. फरक आहे रेखांशाचा.

शाळेत आपण शिकलो की पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत उभ्या अर्धवर्तुळाकार रेषा कल्पिलेल्या आहेत, त्यांना रेखावृत्ते म्हणतात. इंग्लंडमधल्या ग्रिनिचची रेषा शून्य. तिथून पूर्वेला १८० अंश, पश्चिमेला १८० अंश. परीक्षेत दोन गुणांसाठी एवढे पुरते. पण या रेषेचे खरे रूप तिच्या नावात आहे. उर्दूत तिला खत-ए-निस्फुन्नहार म्हणतात. निस्फ म्हणजे अर्धा, नहार म्हणजे दिवस. अर्ध्या दिवसाची रेघ. इंग्रजी मेरिडियन हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थही दुपारच. अरबी आणि लॅटिन या एकमेकींशी नाते नसलेल्या दोन भाषांनी या रेषेला एकच नाव द्यावे, याचे कारण तिचा अर्थच तो आहे: ज्या सगळ्या गावांत दुपार एकाच क्षणी होते, त्या गावांना जोडणारी रेषा. आपला याम्योत्तर हा शब्द मात्र दिशा सांगतो, दक्षिणोत्तर.

महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. भुसावळ आणि बीड. एक तापीच्या काठचे रेल्वे जंक्शन, दुसरे मराठवाड्यातले जिल्ह्याचे ठिकाण, मध्ये सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक अंतर. पण दोन्ही गावे जवळजवळ ७५.८ अंश पूर्व रेखांशावर आहेत. बीडच्या मशिदीत जोहरची वेळ सुरू होते, त्याच मिनिटाला भुसावळातही होते. याच रेषेवर आणखी वर उज्जैन आहे. उज्जैनचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

हिशेब अगदी सोपा आहे. पृथ्वी स्वतःभोवती ३६० अंश फिरायला २४ तास घेते. म्हणजे तासाला १५ अंश, आणि एका अंशाला चार मिनिटे. पुणे मुंबईच्या पूर्वेला साधारण एक अंशावर आहे, म्हणून पुण्यात चार मिनिटे आधी. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, अडीच अंशांवर, म्हणून दहा मिनिटे आधी. सोलापूर बारा मिनिटे, नांदेड अठरा, नागपूर पंचवीस. आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा भरतो. तेव्हा ढोबळ हिशेब असा की सरळ पूर्वेला दर २६ किलोमीटरला सूर्यास्त एक मिनिटाने अलीकडे येतो. रस्त्याचे किलोमीटर मात्र धरायचे नाहीत. रस्ता वळतो, घाट चढतो. आणि उत्तर-दक्षिण प्रवास या हिशेबात येत नाही. साताऱ्याहून पुण्याला किती का जाल, पूर्व-पश्चिम सरकणे थोडेच.

म्हणजे रेखांश हे वेळेचे अंतर आहे. दोन गावांमधले पूर्व-पश्चिम अंतर मोजायचे म्हणजे त्यांच्या दुपारींमधला फरक मोजायचा. कार्डाच्या तळाची ‘चार मिनिटे वजा’ ही ओळ म्हणजे एक अंश रेखांश. आपण ज्याला इफ्तारचा तक्ता म्हणतो तो एका अर्थाने भूगोलाचा नकाशाच असतो, फक्त किलोमीटरऐवजी मिनिटांत काढलेला.

इतके सोपे असेल तर माणसाला हे समजायला इतकी शतके का लागली, असे विद्यार्थी विचारतात. तो प्रश्न योग्य आहे. अक्षांश मोजणे तुलनेने सोपे. रात्री ध्रुवतारा, ज्याला आपण कुतुबतारा म्हणतो, क्षितिजापासून किती अंश वर आहे ते पाहायचे, तोच आपला अक्षांश. महाराष्ट्रात तो १६ ते २२ अंशांच्या दरम्यान दिसतो. विषुववृत्त निसर्गानेच आखून दिले आहे, ध्रुवही. रेखांशाला मात्र असा काहीच आधार नाही. आकाशात पूर्व-पश्चिम सांगणारा कुठलाही स्थिर तारा नाही, कारण सगळे आकाशच पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत असते. आणि शून्य कुठे धरायचे हेही निसर्ग सांगत नाही. ते माणसांनाच ठरवावे लागते, आणि माणसे म्हटली की भांडण आलेच.

दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने त्याला माहीत असलेल्या जगाच्या पश्चिम टोकाला, अटलांटिकमधल्या आजच्या कॅनरी बेटांपाशी, शून्य धरले. अरब भूगोलतज्ज्ञ त्या बेटांना अल-जझाइर अल-खालिदात म्हणत. आपल्याकडच्या ज्योतिर्गणितात मध्यरेषा उज्जयिनीतून जाई. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मीने भारतीय पद्धतीवर आधारलेली कोष्टके रचली, तेव्हा त्यानेही उज्जैनचीच रेषा घेतली. इथे एक गंमत झाली. अरबी लेखनात उज्जैनचे ‘उझैन’ झाले होते. उर्दू वाचणाऱ्याला ठाऊक आहे की ‘झे’ आणि ‘रे’ या अक्षरांत फरक फक्त वरच्या एका नुक्त्याचा. कोणा नक्कल करणाऱ्याच्या लेखणीतून तो नुक्ता सुटला आणि उझैनचे ‘अरीन’ झाले. बाराव्या शतकात ही कोष्टके लॅटिनमध्ये गेली, तेव्हा युरोपातले विद्वान अरीन नावाच्या, पृथ्वीच्या ऐन मध्यावर असलेल्या नगरीविषयी गंभीरपणे लिहू लागले. क्षिप्रेच्या काठचे आपले उज्जैन एका ठिपक्यापायी हरवले होते.

शून्य कुठेही धरा, फरक मोजायचा तर दोन गावांत एकच क्षण पकडायला हवा. तारायंत्र नाही, फोन नाही. बगदादमध्ये दुपार झाली हे हजारो कोसांवरच्या माणसाला कळणार कसे? यावरचा उपाय आकाशात होता: चंद्रग्रहण. सूर्यग्रहण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वेळी दिसते, पण चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, आणि जिथून जिथून चंद्र दिसतो तिथे ती एकाच क्षणी पडताना दिसते. मग दोन गावांतल्या दोन माणसांनी आपापल्या स्थानिक वेळेनुसार ग्रहण केव्हा लागले ते टिपून ठेवायचे आणि नंतर पत्राने ताळा करायचा.

२४ मे ९९७ रोजी असेच झाले. अमूदर्याच्या काठी, आजच्या उझबेकिस्तानातल्या कास या गावी अबू रैहान अल-बिरुनी नावाचा चोविशीच्या आसपासचा तरुण आणि बगदादमध्ये अबुल वफा हा तेव्हाचा मोठा गणिती, दोघांनी आधी ठरवून एकाच ग्रहणाची वेळ टिपली. फरक निघाला सुमारे एक तासाचा, म्हणजे पंधरा अंशांच्या आसपास. आज नकाशात पाहिले तर फरक साडेसोळा अंशांच्या जवळ आहे. साधी उपकरणे आणि डोळे, एवढ्या भांडवलावर काढलेले हे उत्तर आहे. याच अल-बिरुनीने पुढे नगरांची स्थाने ठरवण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात गझनीच्या किब्ल्याची दिशा काढणे हा एक मोठा प्रश्न होता. हिंदुस्थानावरच्या ग्रंथात आपल्याकडचे ज्योतिषी दोन गावांतले ‘देशांतर’ कसे काढतात याचीही त्याने चिकित्सा केली. देशांतर हा शब्द आता आपण परदेशी जाण्यासाठी वापरतो, पण ज्योतिर्गणितात त्याचा अर्थ रेखांशातला फरक असाच आहे.

पुढे तेराव्या-चौदाव्या शतकांत मोठ्या मशिदींत ‘मुवक्कित’ नेमले जाऊ लागले. त्यांचे काम एकच: आपल्या शहराच्या नमाजांच्या वेळा गणिताने काढणे. दमास्कसच्या उमय्या मशिदीतला इब्न अल-शातिर हा असाच मुवक्कित. त्याने १३७१ मध्ये त्या मशिदीच्या मिनारासाठी बनवलेले सूर्यघड्याळ विज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. आजच्या कार्डाचा मूळपुरुष शोधायचा तर तो या मुवक्कितांच्या कोष्टकांत सापडेल. तेव्हा मात्र प्रत्येक शहर आपल्या डोक्यावरच्या सूर्यापुरतेच जगत होते. दमास्कसचा तक्ता दमास्कससाठी.

समुद्रावर ही सोय नव्हती. जहाज रोज जागा बदलते, आणि ग्रहण काही रोज लागत नाही. १७०७ मध्ये इंग्लंडच्या सिली बेटांजवळ ब्रिटिश नौदलाची चार जहाजे खडकांवर फुटली आणि हजारावर खलाशी बुडाले. आपण नेमके कुठे आहोत हे त्यांना कळलेच नव्हते. १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने अर्ध्या अंशापर्यंत अचूक रेखांश सांगणारी रीत शोधणाऱ्याला २०,००० पौंडांचे इनाम लावले. मोठमोठे खगोलतज्ज्ञ चंद्र-ताऱ्यांच्या कोष्टकांत शोधत राहिले, आणि उत्तर दिले जॉन हॅरिसन नावाच्या सुताराने. जहाज निघाले त्या बंदराची वेळ दाखवत राहील असे घड्याळ बरोबर न्या, स्थानिक दुपार सूर्यावरून पाहा, फरकाला चाराने भागा. तत्त्व एवढेच. अवघड होते ते हेलकावे, थंडी-ऊन आणि खारा वारा सोसूनही न चुकणारे घड्याळ बनवणे. त्यात त्याची हयात गेली. अर्धा अंश म्हणजे वेळेची दोन मिनिटे, आणि तीही सहा आठवड्यांच्या प्रवासानंतर. दिवसाला तीन सेकंदांहून जास्त चूक चालणार नव्हती.

शून्याचे भांडण मिटले ते १८८४ मध्ये. वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले. ग्रिनिचच्या बाजूने २२ मते पडली, एक विरोधात, आणि फ्रान्स व ब्राझील तटस्थ राहिले. फ्रान्सने तर पुढे १९११ पर्यंत पॅरिसचीच वेळ धरली. ग्रिनिच निवडले गेले ते काही तिथे पृथ्वीला विशेष खूण आहे म्हणून नाही. जगातल्या बहुतेक जहाजांवर ब्रिटिश नकाशे होते, एवढेच.

या परिषदेतला तुर्कस्तानचा प्रतिनिधी रुस्तम एफेंदी याचे म्हणणे मला फार महत्त्वाचे वाटते. त्याने सभेला सांगितले की आमच्याकडे दोन वेळा चालतात. एक युरोपची, मध्यरात्रीपासून मोजलेली. दुसरी आमची, मगरिबपासून मोजलेली. आमचे बहुसंख्य लोक शेतात राबणारे आहेत, सूर्य मावळला की त्यांचा दिवस संपतो, नमाजांचा हिशेबही त्यावरच चालतो. ही पद्धत आम्ही सोडू शकत नाही. त्या उस्मानी घड्याळात सूर्यास्ताला बारा वाजत आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा घड्याळ लावावे लागे. तुर्कस्तानने १९२६ मध्ये ही पद्धत सोडली. सौदी अरेबियात ती नंतरही काही दशके चालू होती. त्या घड्याळात इफ्तारचा तक्ता लागतच नाही, कारण इफ्तार रोज बारालाच. अडचण फक्त अशी की इस्तंबूलचे बारा आणि अंकाराचे बारा वेगवेगळे. एका गावापुरते हे घड्याळ उत्तम, पण रेल्वे धावू लागली की निरुपयोगी.

शून्य ठरले की त्याच्या उलट बाजूला, १८० अंशांपाशी, वार बदलण्याची रेषा येते. ती देशांच्या सोयीने वाकडीतिकडी आखली आहे. पॅसिफिकमधल्या सामोआ देशाने २०११ मध्ये रेषेची बाजू बदलली, तेव्हा तिथे गुरुवार २९ डिसेंबरनंतर थेट शनिवार ३१ डिसेंबर उजाडला. मधला शुक्रवार झालाच नाही. तिथल्या मूठभर मुसलमानांचा त्या आठवड्याचा जुमा कॅलेंडरातूनच गायब झाला.

आपल्याकडेही वेळेवरून कमी वाद झालेले नाहीत. १ जानेवारी १९०६ पासून देशभर भारतीय प्रमाण वेळ लागू झाली. ती ८२.५ अंश पूर्व या रेषेवर बेतलेली, जी उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. मुंबई त्या रेषेच्या साडेनऊ अंशांहून थोडी अधिक पश्चिमेला, म्हणजे ३९ मिनिटे मागे. मुंबईकरांनी हे मानले नाही. महापालिकेने आपला ‘बॉम्बे टाइम’ धरून ठेवला, आणि शहरात दोन वेळा चालू राहिल्या, त्या थेट १९५५ पर्यंत. हट्ट निव्वळ राजकीय नव्हता. बॉम्बे टाइममध्ये दुपारचे बारा म्हणजे खरोखर दुपार होती. आज मुंबईत सूर्य सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी डोक्यावर येतो. जोहरची वेळ पाहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे की ‘बारा वाजता’ जवाल होत नाही. फेब्रुवारीत तो पावणेएकच्याही पुढे जातो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत मागे येतो. हे पुढे-मागे होणे रेखांशामुळे नाही, पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे आणि लंबवर्तुळाकार कक्षेमुळे होते. पण ३९ मिनिटांची मूळ तफावत रेखांशाचीच.

गावोगावचे रेखांश आपल्याला अचूक मिळाले ते मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणामुळे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ काम सुरू केले आणि ७८ अंश रेखांशाच्या आसपास दक्षिणेकडून उत्तरेकडे देश मोजत नेला. अर्ध्या टनाचे थिओडोलाइट यंत्र, डोंगर, ताप आणि वीस वर्षे. नागपूरकडे जात असताना १८२३ मध्ये तो वारला, आणि त्याची कबर आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला आहे. हिंगणघाटकरांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

आता पुन्हा कार्डाकडे. इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की आपल्या गावाचा रेखांश घ्या, मुंबईच्या रेखांशातून वजा करा, चाराने गुणा, झाले. मार्च आणि सप्टेंबरमध्ये खरोखरच झाले, कारण तेव्हा दिवस आणि रात्र सगळीकडे सारखी असते. पण रमजान एका जागी थांबत नाही. चांद्रवर्ष लहान असल्याने तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. उन्हाळ्यात उत्तरेकडे दिवस मोठा असतो, हिवाळ्यात लहान. नागपूर मुंबईच्या दोन अंश उत्तरेला आहे. एवढ्याने काय होते ते पाहा. २०१६ सारख्या जूनमधल्या रमजानमध्ये दोन्ही शहरांच्या इफ्तारमधला फरक पंचवीस नाही, एकवीस मिनिटे असतो. सहेरीचा फरक मात्र वाढून तीसच्या वर जातो. डिसेंबरमध्ये उलटे: इफ्तारचा फरक एकोणतीस, सहेरीचा बाविसाच्या जवळ.

कार्डावर ‘नागपूर: २५ मिनिटे वजा’ असे वर्षानुवर्षे तेच छापले जात असेल, तर जूनमध्ये त्याप्रमाणे चालणारा चार मिनिटे आधी रोजा सोडेल आणि पहाटे पाच-सहा मिनिटे जास्त खात राहील. दोन्ही टोकांना चूक रोजेदाराच्या विरुद्ध जाते. डिसेंबरमध्ये तीच पंचवीस मिनिटे दोन्ही टोकांना सुरक्षित बाजूला पडतात. नांदेडला असला त्रास नाही. नांदेड जवळजवळ मुंबईच्याच अक्षांशावर आहे, त्यामुळे अठरा मिनिटांचा फरक बाराही महिने तसाच राहतो. आणि बीड-भुसावळ? रेखांश एक, दुपार एक, मार्चमध्ये इफ्तारही एकाच वेळी. जूनमध्ये मात्र बीडची अजान भुसावळच्या चार मिनिटे आधी होते.

बरीच कार्डे एहतियात म्हणून दोन-तीन मिनिटे आधीच धरून चालतात, त्यामुळे लहान चुका झाकल्या जातात. पण त्या एहतियातीवर आणखी दुसऱ्या शहराचा फरक लादला की हिशेब राहत नाही. मोबाइलच्या अॅपचा फायदा हा की ते तुमच्या जागेचे अक्षांश आणि रेखांश दोन्ही घेऊन रोजचे गणित करते, पण लोकेशन बंद असेल तर शेवटचे शहर धरून बसते. गावी गेल्यावर अॅपच्या माथ्यावर कुठल्या शहराचे नाव आहे ते एकदा पाहावे. सहेरीत आणखी एक मुद्दा असतो. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश असताना पहाट धरायची की १५, यावर आपल्याकडे तेरा मिनिटांच्या आसपास फरक पडतो. तो वाद रेखांशाचा नाही, उलेमांचा आहे, आणि तो त्यांच्याकडेच ठेवावा.

‘सौदीत चांद दिसला, आपल्याकडे का नाही’ हा दरवर्षीचा प्रश्नही इथे थोडा येतो. मुंबई आणि मक्का यांच्यात ३३ अंशांचा फरक आहे, म्हणजे २ तास १२ मिनिटांचा. घड्याळे अडीच तासांचा फरक दाखवतात, कारण ती देशाच्या रेषेवर लावलेली असतात, शहराच्या नाही. या सव्वादोन तासांत चांद सूर्यापासून आणखी अंशभर दूर जातो. आपल्याकडे सूर्याच्या उजेडात बुडालेली कोर तिकडे कधी कधी जेमतेम वर येते. नेहमीच असे होते असे नाही, आणि हे एकच कारणही नाही.

शेवटी किब्ला. नागपूर २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, मक्का २१.४२ वर. म्हणजे जवळजवळ एकाच पातळीत. मग नागपूरच्या मशिदीचा रोख बरोबर पश्चिमेला हवा, असे कोणालाही वाटेल. नाही. पृथ्वी गोल असल्याने दोन जागांमधला सर्वात जवळचा मार्ग अक्षवृत्तावरून जात नाही, तो उत्तरेकडे थोडा फुगतो. म्हणून नागपूरचा किब्ला पश्चिमेच्या जवळपास आठ अंश उत्तरेला येतो आणि मुंबईचा दहा अंश. हे गणित रेखांशातला फरक अचूक माहीत असल्याशिवाय होत नाही, आणि अल-बिरुनीला गझनीत नेमकी हीच अडचण होती.

गणित नको असेल तर वर्षातून दोनदा सूर्य स्वतःच ते सोडवून देतो. २८ मे आणि १६ जुलैच्या सुमारास सूर्य मक्केत काबाच्या थेट माथ्यावर येतो. तेव्हा आपल्या घड्याळात अनुक्रमे दुपारचे २ वाजून ४८ मिनिटे आणि २ वाजून ५७ मिनिटे झालेली असतात. गच्चीवर एक सरळ काठी उभी करा. तिची सावली ज्या दिशेला पडेल, तिच्या बरोबर उलट दिशेला किब्ला. १६ जुलैला आपल्याकडे बहुधा आभाळ भरलेले असते, तेव्हा मे महिन्याची तारीख धरलेली बरी.